वेगळ्या धाटणीची फिट : नोंद कशी ठेवावी, शंका कोणत्या घ्याव्यात

अपस्माराचा जो झटका सर्वांच्या परिचयाचा आहे, त्यात माणूस कोसळतो, दातखीळ बसते, हातपाय झडतात आणि तोंडाला फेस येतो. तो ओळखायला फारसे शिक्षण लागत नाही. पण ज्या झटक्यात माणूस पडतच नाही, नुसता हसतो, ओठ चघळत बसतो, झोपेत जोरजोरात पाय मारतो किंवा सकाळी त्याच्या हातातला चहाचा कप उडतो, तो झटका घरच्यांच्या आणि कधीकधी डॉक्टरांच्याही नजरेतून वर्षानुवर्षे निसटतो. याच्या उलटही घडते. ज्याला अपस्मार नाहीच, अशा माणसाला एक गोळी लागू पडत नाही म्हणून दुसरी आणि दुसरी लागू पडत नाही म्हणून तिसरी दिली जाते. ठाण्यात मेंदूचे आलेख काढण्याचे काम करताना दोन्ही प्रकारची माणसे माझ्यासमोर आली आहेत आणि दोघांच्याही बाबतीत योग्य निदान बहुतेक वेळा झटका प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने सांगितलेल्या हकिगतीतूनच निघाले आहे. ती हकीगत कशी जमवावी आणि ती घेऊन डॉक्टरांपुढे बसल्यावर कोणत्या शंका विचाराव्यात, यासाठी हे टिपण आहे. औषध ठरवणे आणि बदलणे हे मेंदूविकारतज्ज्ञांचेच काम आहे. हे वाचून कोणीही आपण होऊन गोळ्या बंद करू नयेत, कारण गोळ्या अचानक थांबल्या की लवकर न थांबणारी, जिवावर बेतणारी फिट येऊ शकते.

आलेख नॉर्मल आला म्हणजे काय

ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, करून बाहेर पडणारे नातेवाईक पहिला प्रश्न हाच विचारतात. साध्या ईईजीत मेंदूतील विजेची हालचाल अर्धा तास नोंदली जाते. त्या अर्ध्या तासात झटका येण्याची शक्यता कमी असते आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात दिसणाऱ्या खुणाही अपस्मार असलेल्या अनेकांच्या पहिल्या आलेखात सापडत नाहीत. म्हणून नॉर्मल आलेखाने अपस्मार नाही असे ठरत नाही. तसेच, कधीही फिट न आलेल्या काही माणसांच्या आलेखातही संशयास्पद लहरी दिसतात, त्यामुळे केवळ कागदावरच्या त्या ओळीवरून अपस्मार आहे असेही ठरत नाही. आलेख हा हकिगतीशी ताडून पाहायचा पुरावा आहे.

तरीही आलेखातून जास्तीत जास्त माहिती मिळावी यासाठी घरच्यांना बरेच काही करता येते. आदल्या दिवशी केस धुवावेत आणि तेल अजिबात लावू नये, कारण तेलकट टाळूवर इलेक्ट्रोडची पेस्ट नीट बसत नाही आणि आलेखात नुसती खरखर उमटते. उपाशी येऊ नये. नेहमीच्या गोळ्या, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, वेळेवर घ्याव्यात. जागरण करून यायला सांगितले असेल तर ते मनापासून पाळावे, कारण अपुऱ्या झोपेनंतर आणि डुलकी लागताना अनेक खुणा उघड्या पडतात. अशा दिवशी रुग्णाला एकट्याला लोकलने पाठवू नये. लहान मुलांना आम्ही कागदी भिरभिरे हातात देतो आणि तीन मिनिटे फुंकत राहायला सांगतो. ज्या मुलाबद्दल शाळेतून ‘लक्ष नसते, शून्यात बघत बसतो’ अशी तक्रार आलेली असते, ते मूल फुंकता फुंकता मध्येच थांबते, भिरभिरे हातात तसेच राहते, पापण्या हलक्या फडफडतात आणि काही सेकंदांनी जणू काही झालेच नाही असे ते पुन्हा फुंकू लागते. त्याच क्षणी आलेखावर सेकंदाला तीन या गतीने टोकदार लहरी उमटलेल्या असतात. शाळेने ज्याला दुर्लक्ष म्हटले, तो दिवसातून अनेकदा येणारा झटका होता, हे आईवडिलांना तिथेच दिसते.

झटक्याची नोंद

आधी सुरक्षितता. रुग्णाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर साराव्यात, तोंडात चमचा, बोटे किंवा पाणी घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही. ती थांबल्यासारखी वाटते, कारण बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआपच ओसरतात. झटका पाच मिनिटांपुढे गेला, शुद्ध न येता लागोपाठ दुसरा आला किंवा आयुष्यातला तो पहिलाच असेल, तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.

हे एकाने सांभाळावे आणि दुसऱ्याने मोबाइलवर चित्रीकरण करावे. चेहरा आणि दोन्ही हातपाय एकाच चौकटीत येतील इतके मागे उभे राहावे, अंगावरची चादर बाजूला करावी, खोलीतला दिवा लावावा. चित्रीकरण करता करता रुग्णाला नावाने हाक मारावी, हात वर करायला सांगावे, एखादा सोपा शब्द सांगून ठेवावा आणि शुद्ध आल्यावर तो आठवतो का ते विचारावे. झटका संपला की लगेच कॅमेरा बंद करू नये. नंतरच्या पाचेक मिनिटांत माणूस कसा वागतो, बोलणे अडखळते का, एक हात लुळा पडला आहे का, यावरून झटका मेंदूच्या कोणत्या भागातून निघाला याचा माग लागतो. एका बाजूची ही तात्पुरती दुर्बलता काही मिनिटांत किंवा तासांत जाते, पण पाहणाऱ्याला तो पक्षाघात वाटू शकतो. फरक घरी करत बसू नये, तातडीने रुग्णालयात जावे आणि आधी झटका आला होता हे तिथे आवर्जून सांगावे. हे चित्रीकरण डॉक्टरांना दाखवण्यासाठी आहे. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते फिरवणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

वहीत लिहिताना अर्थ लावू नये, दिसले तेवढेच लिहावे. ‘आज पुन्हा फिट आली’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘सकाळी सात वाजता, उठल्यावर अर्ध्या तासात, डोळे उघडे, मान डावीकडे वळली, उजवा हात पदराशी चाळा करत होता, सुमारे एक मिनिट, नंतर दहा मिनिटे नाव सांगता येईना’ अशा नोंदीवरून अनुभवी डॉक्टर अर्धे निदान करतात. आदल्या रात्रीची झोप, ताप, पाळीची तारीख, चुकलेली गोळी, नव्याने सुरू झालेले दुसरे औषध, हेही त्याच ओळीत यावे. झटका ठाणे स्थानकाच्या फलाटावर किंवा ट्रान्स-हार्बरच्या गाडीत आला असेल, तर ज्याने पाहिले त्या प्रवाशाचा फोन नंबर मागून घ्यावा. पडण्याआधीचे दहा सेकंद फक्त त्यालाच माहीत असतात.

अशा चार-पाच नोंदी जमल्या की त्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. अपस्माराच्या झटक्याची फार भरवशाची खूण म्हणजे त्याचा तोचतोपणा. तीच सुरुवात, तोच क्रम, जवळपास तेवढाच वेळ. कितीही विचित्र वाटणारी गोष्ट जर ठरावीक साच्यात पुन्हा पुन्हा घडत असेल, तर तिला स्वभाव, नाटक किंवा बाहेरची बाधा म्हणण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

जे अपस्मारासारखे वाटत नाही, पण असू शकते

ऐरोली-महापे भागात रात्रपाळी करणारी तरुण मुले-मुली ‘सकाळी हात थरथरतात, वस्तू सुटतात’ असे सांगतात आणि ते थकव्याच्या खाती जाते. झोप अपुरी झाल्यावर, उठल्या उठल्या दोन्ही खांद्यांना किंवा हातांना बसणारे विजेसारखे हिसके ही किशोरवयात सुरू होणाऱ्या एका विशिष्ट अपस्माराची खूण असते. रुग्ण त्याबद्दल आपण होऊन बोलत नाही, कारण त्याला ती फिट वाटतच नाही. एखाद्या दिवशी मोठी फिट आली की तेवढीच सांगितली जाते. हे हिसके सांगणे फार महत्त्वाचे आहे, कारण इतर प्रकारांत उत्तम चालणारी कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ही औषधे या प्रकारात हिसके वाढवू शकतात. म्हणजे गोळी सुरू केल्यावर त्रास वाढला, तर दरवेळी डोस कमी पडतो असे नसते. औषधच त्या प्रकाराला न मानवणारे असू शकते. या प्रकारावर व्हॅल्प्रोएट प्रभावी आहे, पण गरोदरपणात त्याने बाळात व्यंग निर्माण होण्याचा आणि बौद्धिक वाढीवर परिणाम होण्याचा धोका असल्यामुळे मुलीचे लग्न ठरल्यावर किंवा दिवस गेल्यावर नव्हे, तर औषध सुरू करतानाच हा विषय काढावा. अनेक घरांत तो संकोचापायी काढला जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

काही महिन्यांच्या बाळात सर्वांत घातक चूक होते. बाळ झोपेतून उठताना एकाएकी पुढे वाकते, हात पसरते, क्षणभराने सैल पडते आणि हेच काही सेकंदांच्या अंतराने रांगेने घडते. घरात म्हणतात पोटात कळ आली, आणि ग्राइप वॉटर दिले जाते. १८४१ साली वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी स्वतःच्या मुलाच्या अशाच झटक्यांचे वर्णन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला कळवले आणि आज हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात बाळाची वाढ थांबते, शिकलेले हसणेही मागे पडते आणि उपचाराला लागलेल्या प्रत्येक आठवड्याची किंमत मोजावी लागते. इथे पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट घेऊ नये. चित्रीकरण घेऊन त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि ईईजी मागावा.

झोपेतून किंचाळून उठणे, पाय झाडणे, पलंगावरून धावत सुटणे याला सहसा भीतीचे स्वप्न समजले जाते आणि अंगारा लावला जातो. लहान मुलांतली झोपेतली भीती बहुधा रात्रीच्या पहिल्या भागात, एका रात्रीत एकदा आणि बरीच मिनिटे चालते. कपाळाकडच्या भागातून निघणारा झटका एका मिनिटाच्या आत आटोपतो, एकाच रात्रीत अनेकदा येऊ शकतो आणि दरवेळी हुबेहूब तसाच असतो. खोलीत रात्रभर चालणारा साधा कॅमेरा लावून ठेवला तरी हा निवाडा पुष्कळसा होतो. याशिवाय कारणाविना येणारे, आनंदाचा मागमूस नसलेले हसण्याचे झटके मेंदूच्या तळाशी असलेल्या एका जन्मजात गाठीमुळे येऊ शकतात. मुलाला रात्री उलट्या, चेहरा पांढराफटक आणि नजर एका बाजूला खिळलेली, हाही झटका असू शकतो, पण उपचार पोटाचे होतात. पन्नाशी-साठीच्या माणसाला पहाटे उठल्यावर अर्धा-पाऊण तास काहीच आठवत नाही आणि मग सारे पूर्ववत होते, असे वारंवार घडत असेल तर स्मृतिभ्रंश म्हणण्याआधी अपस्माराचा विचार व्हायला हवा.

एका दुर्मीळ प्रकाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो वेळेत ओळखला तर माणूस वाचतो. वयस्क माणसाचा चेहऱ्याचा एक भाग आणि त्याच बाजूचा हात दोन-तीन सेकंद खेचला जातो, दिवसातून कित्येकदा. जोडीला विसराळूपणा वाढतो, रक्तातले सोडियम कमी निघते. फिटच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदूवरच उलटल्यामुळे हे घडते आणि रक्तातील व पाठीच्या पाण्यातील प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तपासून ते ओळखता येते. एलजीआय-१ हे अशा प्रतिपिंडांपैकी एकाचे नाव. उपचार स्टेरॉइडसारख्या औषधांनी होतो. तरुण मुलीत अचानक विचित्र वागणे, भास, झोप उडणे आणि मग फिट, असा क्रम दिसला तर तिथेही याच कुळातला, २००७ साली प्रथम नीट वर्णन झालेला एनएमडीए प्रतिपिंडांचा आजार शोधावा लागतो. यातल्या काहींना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलेले असते. फिट आली की दोन्ही घटना एकत्र सांगाव्यात, वेगवेगळ्या केसपेपरवर नव्हे.

जे अपस्मारासारखे वाटते, पण नसू शकते

गर्दीच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो, माणूस कोसळतो आणि मग हातपायांना चार-दोन झटके बसतात. ही बहुतेक वेळा रक्तदाब उतरल्याने आलेली चक्कर असते, फिट नव्हे. लवकर आणि स्वच्छ येणारी शुद्ध ही तिची खूण. पण अशी चक्कर धावताना, पोहताना किंवा दचकल्यावर आली असेल, किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर हृदयाच्या लयीचा धोकादायक दोष शोधायला हवा. म्हणून पहिल्या फिटनंतर ईईजी आणि एमआरआयची चिठ्ठी मिळाली आणि ईसीजी झालाच नसेल, तर तो आग्रहाने मागावा. ही तपासणी स्वस्त आहे, पाच मिनिटांत होते आणि तिने जीव वाचतो.

साखरेचेही तसेच. साखर फार उतरल्याने फिट येते हे अनेकांना माहीत असते. ती फार वाढल्याने एकाच हाताला तासन्‌तास झटके बसू शकतात, हे माहीत नसते. कधीकधी मधुमेहाचा पत्ता तेव्हाच लागतो. इथे उपचार साखर आणि शरीरातले पाणी सावरण्याचा आहे. फेनिटॉइनने तर साखर आणखी वाढू शकते.

डोळे घट्ट मिटलेले, मान दोन्ही बाजूंना हलणारी, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारी आणि बराच वेळ चालणारी फिट मनावरच्या ताणातून येणारी असू शकते. व्हिडिओ-ईईजीत झटका आणि आलेख एकाच वेळी टिपून ते पक्के करता येते. अशा रुग्णाला ‘नाटक करते’ म्हणणे चूक आहे. तिचा त्रास खरा असतो, उपचार मात्र गोळ्यांऐवजी समुपदेशनाचा असतो. काही रुग्णांत दोन्ही प्रकार एकत्र असतात, म्हणून या निदानानंतरही अपस्माराच्या गोळ्या परस्पर थांबवू नयेत.

घरातली आणि औषधांच्या दुकानातली कारणे

काही झटके ठरावीक गोष्टीनेच सुरू होतात. डोक्यावरून कढत पाण्याचे तांबे ओतताना येणारी फिट दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकात, बरीच आढळली आहे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात मुलाची शुद्ध हरपली, तर उटण्याला किंवा थंडीला दोष देण्याआधी पाण्याची आठवण ठेवावी. कोमट पाणी, डोक्यावरून न ओतता अंग धुणे आणि डॉक्टरांनी सांगितल्यास आंघोळीआधी घ्यायची गोळी, एवढ्याने पुष्कळांचे भागते. भरपेट भाताच्या जेवणात येणाऱ्या फिटचीही नोंद भारतात आणि श्रीलंकेत झाली आहे. लुकलुकत्या प्रकाशाचे उदाहरण तर जगाने पाहिले : १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधील लाल-निळ्या चमकांनी शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले.

आपल्या घरांत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती निलगिरी तेलाची आणि कापराची. सर्दी झाली की वाफेच्या पाण्यात निलगिरीचे थेंब, छातीला कापूरयुक्त बाम, बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी. हे दोन्ही पदार्थ मेंदूला उत्तेजित करून फिट आणू शकतात आणि केवळ निलगिरीमुळे आलेल्या फिटच्या नोंदी भारतातल्या रुग्णालयांनी प्रसिद्ध केल्या आहेत. ज्यांच्या घरी अपस्माराचा रुग्ण आहे, त्यांनी ही तेले वापरू नयेत. कापूर लहान मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नये. पोटात गेला तर थेट रुग्णालयात न्यावे.

औषधांतही असेच आहे. वेदनेसाठी दिले जाणारे ट्रामाडॉल आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली प्रतिजैविके फिटची शक्यता वाढवतात. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्याला रुग्णालयात मेरोपेनेम हे प्रतिजैविक सुरू झाले तर व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी झपाट्याने कोसळते. मेडिकलमधून फेनिटॉइनची गोळी दुसऱ्या कंपनीची मिळाली, तर रक्तातल्या पातळीत पडणारा थोडा फरकही फिट यायला पुरतो. गोळ्यांचे रिकामे पाकीट जपून ठेवावे आणि प्रत्येक डॉक्टरांना, दातांच्या डॉक्टरांनाही, दाखवावे.

फिटनंतरच्या एमआरआयमध्ये मेंदूत छोटी कडी, म्हणजे वळ्यासारखी गोल खूण, दिसली आणि तो कृमी असल्याचे सांगितले की नातेवाईक ‘आम्ही शाकाहारी, मग मेंदूत किडा कसा’ असे विचारतात. पट्टकृमीची अंडी कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाज्यांवर आणि हातांवर येतात, म्हणून कोबी-कोथिंबिरीतून ती कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. तशीच कडी क्षयाच्या गाठीचीही असू शकते आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, त्यामुळे निदान पक्के करून घ्यावे.

दोन औषधे थकली की

नीट निवडलेली आणि पुऱ्या डोसात घेतलेली दोन औषधे निष्फळ ठरली, तर तिसऱ्या गोळीने झटके पूर्ण थांबण्याची शक्यता कमी असते. अशा वेळी विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. हा अपस्मारच आहे का, व्हिडिओ-ईईजी झाला आहे का? प्रकार नक्की कोणता? एमआरआय अपस्मारासाठीच्या खास पद्धतीने, कानशिलाकडच्या भागाचे पातळ छेद घेऊन झाला होता का? लहान बाळ असेल तर जीवनसत्त्व ब-६ देऊन पाहिले का, आणि मेंदूला ग्लुकोज न पोहोचण्याचा दोष तपासला का? कारण त्या दोषावर गोळ्यांपेक्षा कीटोजेनिक, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थांचा, आहार अधिक उपयोगी पडतो. आणि शेवटी, शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो का?

शस्त्रक्रियेच्या नावाने लोक दचकतात. कॅनडात कानशिलाच्या भागातील अपस्मार असलेल्या ८० रुग्णांवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका वर्षाअखेर शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांतून मोकळे झाले होते. गोळ्यांवर राहिलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. अशी चाचपणी व्हिडिओ-ईईजीची सोय आणि मेंदूशल्यविशारदांचा अनुभव असलेल्या मोठ्या केंद्रातच करावी. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अशा शस्त्रक्रिया १९९५ पासून होत आहेत. ठाणे किंवा नवी मुंबईहून मोठ्या केंद्रात जाताना झटक्यांची वही, तारखेनुसार लावलेली चित्रीकरणे, आजवरच्या औषधांची डोस आणि कालावधीसह यादी, आणि एमआरआयचा नुसता रिपोर्ट नव्हे तर त्याची सीडी न्यावी. झटका ज्याने पाहिला आहे, त्याने सोबत जावे.